अजिंठ्याहून आलेल्या भाकरी

आमच्याकडं माणसाच्या आयुष्यात काहीही घडलं की फ्लेक्स लागतो. वाढदिवस, बारसं, सरपंचाची निवड, दहावीचा निकाल, कुणाचं वर्षश्राद्ध. चौकट तीच, फोटोही बहुतेक तोच, फक्त मजकूर बदलतो. मला या प्रकाराचा पहिल्यापासून तिटकारा आहे. शहरातल्या उस्मानपुऱ्यात मी घरीच शिकवण्या घेते, आणि माझ्या शिकवणीच्या पाटीवर बारा महिने कुणा ना कुणा भावी नेत्याचं कोपर आलेलं असतं. मी भांडते, फ्लेक्स निघतो, दुसऱ्या दिवशी नवा लागतो. आमचे हे म्हणतात, "सगळ्या शहराला आवडतं ते. तूच कशाला रक्त आटवतेस?" पण त्या मे महिन्यात पिशोरला जे झालं ते पाहिल्यापासून हेही असा फ्लेक्स दिसला की मान वळवतात.

पिशोर म्हणजे आक्काचं सासर. आक्का माझी थोरली बहीण. दाजींची शेती आहे; मका, कापूस आणि अद्रक. त्यांची धाकटी मुलगी सीमेवरच्या दलात शिपाई आहे. भरतीच्या तयारीसाठी ही पोरगी वर्षभर माझ्याकडं होती. उंचीची तिला फार धास्ती. कुणीतरी सांगितलं, लटकलं की उंची वाढते. मग ही रोज सकाळी धावून आली की आमच्या हॉलच्या पडद्याच्या दांडीला लटकायची. एक दिवस दांडी, पडदा आणि पोरगी तिन्ही खाली आली. मी ओरडायला तोंड उघडलं तर म्हणाली, "मावशी, हळू. शेजारी उठतील." तिची उंची काही वाढली नाही, होती तेवढीच पुरली. दांडी मात्र अजून वाकडी आहे आणि मी ती बदललेली नाही.

ती भरती झाली तेव्हा दाजी कचरत होते. "पोरीच्या जातीला कशाला बंदूक?" असं त्यांचं चाललं होतं. आक्का म्हणाली, "पोरगा असता तर पेढे वाटले असते ना तुम्ही? मग वाटा." तिच्या आधी पिशोर आणि आसपासच्या वाड्यांतून मुलं जातच होती. मुलगी जाणं नवीन होतं. आक्कानं 'जा' म्हटलं आणि विषय संपवला. पण त्या दिवसापासून तिच्या घरात एक भाकर जास्तीची व्हायला लागली. बाहेर गेलेल्या माणसाची भाकर टोपल्यात झाकून ठेवायची, ही आमच्या आईची सवय. आई ठेवायची ती बाजाराला गेलेल्या वडिलांसाठी. आक्का ठेवायची ती दीड-दोन हजार किलोमीटरवरच्या लेकीसाठी. सकाळी ती भाकर म्हशीला जायची. दाजी चेष्टा करायचे, "म्हैस बी फौजेत भरती व्हईल एक दिवस."

त्या मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली. शहरात हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवून बघितले. टीव्हीवरची माणसं तर अशी किंचाळत होती की आमच्या ह्यांनी शेवटी आवाज बंद करून नुसती चित्रं बघायला सुरुवात केली. पिशोरमधून तेव्हा चौघं सीमेवर होते. एक वर डोंगरात, एक रसदीचा ट्रक चालवणारा, एक अद्रकीच्या लागवडीला सुट्टी काढून आलेला आणि अर्धी लागवड टाकून परत गेलेला, आणि चौथी आमची भाची. जाताना सगळ्यांनी घरी एकच सांगितलेलं. आमच्या पोरीचा आक्काला फोन आला तोही तसाच, "माय, आता फोन जमा होणारेत. लागला नाय तर घाबरू नको. मीच करीन." ती आईला माय म्हणते. कॉलेजात असताना तिनं काही दिवस 'मम्मी' म्हणून पाहिलं होतं, पण आक्कानं ओच दिली नाही.

मग गावातल्या तरुण मंडळाच्या मनात आलं की आपल्या गावच्या चौघांचा फ्लेक्स लावायचा. यात वाईट काहीच नव्हतं. मंडळाची पोरं घरोघर जाऊन फोटो घेऊन आली. दाजींनी भाचीचा भरतीच्या वेळचा फोटो दिला, कशाला हवा ते धड विचारलंही नाही. मागं पांढरा पडदा, ताठ मान, हसू नाही. फ्लेक्सवाल्याकडं फौजी माणसासाठी एकच तयार चौकट होती: मागं तिरंगा, मध्ये जळती ज्योत, आणि ज्योतीशेजारी जमिनीत उलटी रोवलेली बंदूक, तिच्यावर टोपी, शहिदांच्या स्मारकावर असते तशी. त्याला ती शोभिवंत वाटली, पोरांनाही वाटली. चौघांत एकटी मुलगी म्हणून भाचीचा फोटो मधोमध, सगळ्यांत मोठा, ज्योतीच्या बरोबर वर. वर अक्षरं, "वीरकन्येस मानाचा मुजरा". तिघा मुलांचे फोटो खालच्या रांगेत. आणि लावला कुठं? एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर, जिथं गावातल्या मयतांचे फ्लेक्स लागतात तिथं. शेजारच्या चहाच्या टपरीचं पत्र्याचं छप्पर पुढं आलेलं आहे. त्या पत्र्याखाली तिघं मुलं झाकली गेली. रस्त्यावरून दिसायची ती एकटी आमची पोरगी, ज्योत आणि उलटी बंदूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी बसच्या खिडकीतून त्याचा फोटो काढला. कुणी ते अजून कळलेलं नाही. दहा वाजेपर्यंत तो आमच्या सोयऱ्यांच्या ग्रुपवर आला. मी चहा घेत होते. फोटोखाली जालन्याच्या एका चुलत्यानं जोडलेले हात टाकले होते, त्याखाली कुणी 'ॐ शांती' लिहिलं होतं, आणि मग एकाचं बघून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं. मी ते वर-खाली करत राहिले. मला वाचता येत होतं पण कळत नव्हतं. दाजींना फोन लावला तर व्यस्त, पुन्हा व्यस्त. शेवटी लागला तेव्हा ते म्हणाले, "आमाला काय बी निरोप नाय. कुठूनच नाय. पण माझी बहीण आन तिच्याकडचे अजिंठ्याहून आलेत. भाकरी घेऊन." मग म्हणाले, "तू ये."

भाकरी घेऊन, म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. घरात मयत झाली की त्या घरात चूल पेटत नाही. सोयरे आपल्या घरून भाकरी-पिठलं बांधून आणतात आणि घरच्यांच्या तोंडात बळंच घास घालतात. त्याला कडू घास म्हणतात. दाजींच्या थोरल्या बहिणीनं फोटो पाहिला आणि कुणाला विचारलं नाही. अशा वेळी विचारायचंच नसतं, 'खरं का' म्हणून फोन करणं म्हणजे जखमेत बोट घालणं. तिनं दोन जावांना हाताशी घेऊन भाकरी थापल्या, पिठल्याचं पातेलं फडक्यात बांधलं आणि जीप करून सिल्लोड-भराडीवरून सरळ पिशोर गाठलं. तिनं सगळं रीतीला धरूनच केलं. तिचं चुकलं कुठं हे मला आजही बोट ठेवून सांगता येत नाही.

मी आणि हे एसटीनं निघालो. फुलंब्री येईपर्यंत मी रडले नाही. मला राग येत होता, कुणाचा ते ठरत नव्हतं. मग वाकडी दांडी आठवली आणि मी रडायला लागले. शेजारच्या बाईनं काही न विचारता पाण्याची बाटली पुढं केली. ह्यांनी माझा हात धरला होता. एरवी चारचौघांत हे माझ्याशी बोलताना सुद्धा इकडं-तिकडं बघतात.

पिशोरच्या स्टँडवर उतरले आणि समोर फ्लेक्स. मी जवळ गेले. टपरीच्या पत्र्याखाली वाकले तेव्हा खालची तीन पोरं दिसली, तिघंही हसत होती. चहावाल्याला विचारलं, "हा कुणी लावला? का लावला?" तो म्हणाला, "मंडळानं लावला ना बाई. कौतुकाचा हाय." म्हणजे बातमी कुठंच नव्हती. मयत या फ्लेक्समधूनच जन्माला आली होती. मी टपरीवरचा लिंबू कापायचा चाकू उचलला आणि दोऱ्या कापायला लागले. मंडळाची दोन-तीन पोरं धावत आली. "मावशी, हे काय करू राह्यल्या? लई हौसेनं लावलाय!" मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. हे मागून म्हणत होते, "अगं, चाकू ठेव आधी." पोरांना शेवटी बंदूक दाखवली, ज्योत दाखवली. मग त्यांनीच उरलेल्या दोऱ्या सोडल्या आणि गुंडाळी करून माझ्या मागं घरापर्यंत आणली.

मला वाटलं होतं, मी जाऊन सांगीन, "आक्का, फ्लेक्सचा घोळ आहे," आणि सगळं मिटेल.

आक्काच्या अंगणात अजिंठ्याच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदर तोंडाला लावलेले. बाजेवर भाकरींचं गाठोडं तसंच, न सोडलेलं. आणि अंगणातल्या चुलीपुढं आक्का भाकरी थापत होती. एरवी ती रोजचा स्वयंपाक गॅसवर करते, चूल सणासुदीला. भर दुपारी, मे महिन्यात, तिनं चूल पेटवली होती. शेजारच्या टोपल्यात भाकरींची चवड लागलेली. दाजींनी नंतर सांगितलं, गल्लीच्या तोंडाशी डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका बघून तिला कुणी काही बोलायच्या आतच कळलं होतं. नणंदेनं दारात हंबरडा फोडला, तर आक्का तिला म्हणाली, "वन्सं, भाकरी कशाला आणल्या? माझ्या घरात चूल पेटलेली हाय." चूल पेटलेली नव्हती. ती आत गेली, काड्यापेटी घेऊन आली आणि पेटवली.

मी तिला सगळं सांगितलं. फ्लेक्स उलगडून खालची तीन पोरं दाखवली. नणंद कपाळावर हात मारून घ्यायला लागली, "अगं माय, मी हे काय केलं, मी हे काय केलं." दाजी ओट्यावर बसले ते बसलेच. आक्कानं फ्लेक्स नीट पाहिला, भाकर उलटवली आणि मला विचारलं, "म्हंजी हे खोटं. बरं. मग ती बरी हाय का?"

मी फ्लेक्सची गुंडाळी करायला लागले.

"सांग की. बोललीस का तू तिच्याशी?"

"नाही."

"मंग?" ती म्हणाली आणि पुढचा गोळा हातात घेतला.

कालपर्यंत फोन लागत नव्हता तो काळजीचा होता, आता लागत नव्हता तो निराळाच झाला होता. दाजींकडं कुठल्याशा कचेरीचा नंबर होता. घंटी वाजत राहायची. शंका एकदा दारातून आत आली होती, आणि ती आलेल्या बायकांबरोबर परत जाणार नव्हती. लेकीचा आवाज ऐकेपर्यंत चूल विझू द्यायची नाही, एवढं आक्कानं ठरवलं होतं. तसं ती बोलली नाही. पण मी तिची बहीण आहे.

नणंदेनं तिच्यापुढं घास धरला. कडू घास म्हणून नाही, बाई सकाळपासून उपाशी आहे म्हणून. आक्कानं ओठ मिटून घेतले आणि मान फिरवली. "तुमच्या हातचा आत्ता नको, वन्सं. राग मानू नका." तिनं आमचा सगळ्यांचा मात्र पाहुणचार केला. आलेल्यांना तिच्या चुलीवरच्या भाकरी आणि ठेचा वाढला. भूक कुणालाच नव्हती, पण नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. अजिंठ्याहून आलेलं गाठोडं दाजींनी म्हशीपुढं सोडलं. संध्याकाळी जीप परत गेली, नणंद गेली नाही. "फोन आल्याबिगर मी कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणाली आणि सरपण आणून द्यायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक चालवणाऱ्याची आई आली. बरोबर स्वतःची परात आणि पीठ. आक्काशेजारी बसली आणि म्हणाली, "माझा बी त्या फ्लेक्सवरच हाय. खाली." मग डोंगरातल्या पोराची आई आली. अद्रकीची लागवड टाकून गेला होता त्याची बायको आली, कडेवर तान्हं मूल. काल गावभर झालं ते सगळ्यांना कळलं होतं. पत्र्याखाली आपलंही माणूस आहे, हे एकेकीच्या मनात आलं असणार. चौघी आळीपाळीनं थापायच्या, भाजायच्या. एवढ्या भाकरींचं करायचं काय? मंडळाच्या पोरांनी त्या नेऊन गावात, वस्तीवर, वीटभट्टीवर वाटल्या. पोरं ओशाळली होती, सांगाल ते करत होती. दाजींनी फ्लेक्सची पांढरी बाजू वर करून सरपण झाकलं. मला ते मनातून बरं वाटलं. निदान कशाच्या तरी कामाला आला.

मी शहरात राहणारी, बसून शिकवणारी. धुरानं माझे डोळे चुरचुरायचे आणि माझ्या भाकरी फुगायच्या नाहीत. ट्रकवाल्याची आई एकदा माझी भाकर बघून म्हणाली, "ही तुमच्या मिस्टरांना." सगळ्या हसल्या. आक्कासुद्धा. त्या दिवसांत आम्ही हसलो, हे सांगितल्यावर काही जणांना विचित्र वाटतं. तिथं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला, अनोळखी नंबर. आक्काचा फोन चार्जिंगला आत होता, आत रेंज धड नसते, तिकडं लागला नसणार. मी उचलला. "मावशी?" एवढंच ऐकलं आणि मी चुलीकडं धावले. आक्काचे दोन्ही हात पिठाचे. मी फोन तिच्या कानाला धरला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून आवाज मोठा केला.

"माय, काय करू राह्यलीस?"

"भाकरी टाकतेय."

"ह्या टायमाला? जेवणं नाय झाली व्हय अजून?"

"झाली," आक्का म्हणाली. "तुझी राहिली होती."

पलीकडं खरखर झाली. पोरगी म्हणाली, मी बरी हाय, आम्ही सगळ्या बऱ्या हायत, आता ठेवते, मागं रांग हाय. आक्का म्हणाली, "ठेव." तिला इकडचं एक अक्षर सांगितलं नाही, मलाही डोळ्यांनी दटावलं.

फोन बंद झाला. मी पुढं होऊन चुलीतलं लाकूड मागं ओढायला लागले. संपलं होतं सगळं, असं मला वाटलं. आक्कानं पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "ह्या तिघींचा यायचाय अजून."

मी वर बघितलं. समोर ट्रकवाल्याची आई परातीत बघत बसली होती. ती आक्कासाठी हसली होती, अगदी मनापासून, आणि आता तिचे हात थांबले होते. आक्कानं तिच्या परातीतला गोळा उचलला आणि थापायला घेतला.

डोंगरातल्या पोराचा फोन त्याच संध्याकाळी आला. अद्रकवाल्याचा त्यानंतर थोड्या वेळानं. त्याची बायको लाजून कोपऱ्यात जाऊन बोलली. ट्रकवाल्याचा दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना आला. तोवर आक्का चुलीपुढून हलली नाही, आणि जेवलीही नाही. लेकीचा आवाज ऐकूनसुद्धा नाही. मी चिडले, रागावले, ताट आणून पुढं आदळलं. "बाजूला बसलीय ती उपाशी," एवढंच तिचं म्हणणं.

ट्रकवाल्याची आई फोनवर मोठमोठ्यानं बोलत घरी गेली, परात तिथंच विसरून. मग आक्कानं एकेक लाकूड स्वतःच्या हातानं मागं ओढलं. हात धुतले. नणंद दाराशी उभी होती, चार दिवस अपराध्यासारखी वागणारी. आक्का तिच्याकडं तोंड करून बसली.

"वन्सं," ती म्हणाली, "घाला आता घास."

नणंदेनं भाकर मोडली. भरवताना अर्धा घास आक्काच्या पदरात सांडला. उरलेला आक्कानं तोंडात घेतला, चावला, गिळला. आणि मग ती रडली. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं, नणंदेच्या गळ्यात पडून. शेजारपाजारच्या बायका धावत आल्या, विझलेली चूल बघून दचकल्या. मी त्यांना हातानंच सांगितलं, काही नाही, पोरगी बरी आहे, रडू द्या तिला.